बाकावर काय पोचतं: उपदेशाच्या सेवेत नव्याने आलेल्यांसाठी

आईला शेवटची काही वर्षं कमी ऐकू यायचं. आम्ही दुसऱ्या बाकावर बसायचो. एका रविवारी इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर उपदेश होता: ‘मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही.’ पाळकसाहेबांनी अभ्यास चांगला केला होता, बोलतही मनापासून होते. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांचा आवाज खाली जायचा. घरी जाताना आईने मला विचारलं, “देव सोडणार म्हणाले, की सोडणार नाही म्हणाले?”

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही मागे. वाक्याचा शेवट गिळला की वचन उलटं होतं. आईला ते वचन पाठ होतं म्हणून बरं. पहिल्यांदाच चर्चमध्ये आलेल्या माणसाने काय ऐकलं असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

मी पाळक नाही, पुलपीटवर, म्हणजे उपदेशाच्या मंचावर, कधी उभी राहिलेली नाही. चाळीसेक वर्षं बाकावर बसून उपदेश ऐकते आहे, एवढाच माझा अधिकार. जे उपदेश आजही आठवतात त्यांत एक गोष्ट सारखी आहे: बोलणाऱ्याला शास्त्रभागात एक गोष्ट सापडली होती आणि ती आमच्यापर्यंत पोचावी म्हणून तो झटत होता. सेमिनरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना, आणि पाळक रजेवर असताना ज्यांच्यावर अचानक उपदेशाची वेळ येते त्या वडीलजनांनाही उपयोग व्हावा, म्हणून आठवड्याच्या क्रमाने लिहिते आहे.

सोमवार: शास्त्रभाग ठरवा आणि मोठ्याने वाचा

शनिवारी रात्री शोधलेला शास्त्रभाग बाकावर लगेच ओळखू येतो. उपदेशक त्याच्या भोवती फिरत राहतो, आत जात नाही. म्हणून सोमवारीच बायबल उघडा. टीकाग्रंथ (बायबलचा अर्थ उलगडणारी पुस्तकं), इंटरनेट, दुसऱ्यांचे उपदेश यांतलं काहीही बघण्याआधी तो भाग तीन वेळा मोठ्याने वाचा. वाचताना ज्या ठिकाणी मन अडखळतं तिथे पेन्सिलीने खूण करा.

त्या खुणा फार मोलाच्या आहेत. मार्क 5 घ्या. येशूने एका माणसातून काढलेले अशुद्ध आत्मे डुकरांत शिरतात, सुमारे दोन हजारांचा कळप कड्यावरून समुद्रात जातो. बाकावरच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो डुकरांच्या मालकांचा. त्यांचं काय? या भागावर मी चार-पाच उपदेश तरी ऐकले असतील. हा प्रश्न एकानेच घेतला. त्याच्याकडे पुरं उत्तर नव्हतं आणि तसं त्याने स्पष्ट सांगितलं. मग म्हणाला, गावकऱ्यांनी येशूला निघून जायची विनंती केली तीसुद्धा याच हिशेबामुळे असेल का, ते पाहू. त्यानंतर तो जे बोलला ते सगळं मी नीट ऐकलं, कारण माझ्या मनातला अडथळा त्याने हातात घेऊन पाहिला होता. ज्या प्रश्नावरून तुम्ही हळूच पुढे सरकता, त्याच प्रश्नाशी आम्ही थांबलेलो असतो.

शास्त्रभाग निवडायचा कसा? अनेक मंडळ्यांत कोणत्या रविवारी काय वाचायचं याचं तीन वर्षांचं वाचनचक्र ठरलेलं असतं, तिथे निवडीचा प्रश्न नाही. जिथे मोकळीक आहे तिथे माझं म्हणणं असं, की बायबलमधलं एखादं पुस्तक घ्या आणि क्रमाने जा. 1 जानेवारी 1519 रोजी झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीने ठरावीक पाठ बाजूला ठेवून मत्तयाच्या शुभवर्तमानावर पहिल्या अध्यायापासून सलग उपदेश सुरू केला. दुसरा सुधारक कॅल्व्हिन, त्याला 1538 मध्ये जिनिव्हातून घालवून दिलं होतं. 1541 मध्ये तो परतला आणि जिथे थांबला होता तिथूनच पुढचा भाग घेऊन उभा राहिला. मधल्या अपमानाचा पाढा त्याने पुलपीटवरून वाचला नाही. क्रमाने जाण्याचा मोठा फायदा असा, की एखाद्या रविवारी पैशावर किंवा भांडणावर वचन आलं तर ‘हे आज आपल्यालाच उद्देशून काढलंय’ असं कोणाला वाटत नाही. आणि उपदेशकालाही आपल्या आवडीच्या पाच-सहा वचनांत घर करून राहता येत नाही.

एकच वचन घेणार असाल तर निदान त्याच्या मागचं आणि पुढचं वाचा. यिर्मया 29:11 परीक्षेच्या दिवसांत नेहमी ऐकू येतं: देवाच्या मनातले संकल्प तुमच्या हिताचे आहेत. खरंच आहे. पण ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. ऐकणाऱ्यांतल्या अनेकांच्या हयातीत सुटका होणार नव्हती. हे सांगितलं तर वचन दुबळं होतं अशी काही उपदेशकांना भीती वाटते. मला उलटा अनुभव आला. ज्या वर्षी आमच्या घरात काहीच मनासारखं होत नव्हतं त्या वर्षी मला ती सत्तर वर्षंच धीर देऊन गेली.

मंगळवार-बुधवार: माणसांकडे जा

टीकाग्रंथ यानंतर उघडा, आणि त्यांच्याइतकाच वेळ माणसांना द्या. घरभेटी हे वेगळं काम आणि उपदेश हे वेगळं काम, असं नवे पाळक समजतात. बाकावरून बघितलं तर ते एकच काम आहे. जो आठवडाभर कोणाच्या घरी गेला नाही त्याच्या उपदेशातली माणसं पुस्तकातली असतात: ‘एक श्रीमंत मनुष्य’, ‘एक नास्तिक प्राध्यापक’. अशी माणसं आमच्या मंडळीत नाहीत.

एक साधी रीत सुचवते. दर आठवड्याला मंडळीतली तीन माणसं मनाशी धरा, दर वेळी वेगळी. समजा, एक ऑफिसातला कारकून, ज्याला साहेब खोट्या कागदावर सही करायला सांगतो आहे. एक बाई, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी, जिला उपासनेत डोळा लागतो. आणि एक सतरा वर्षांचा मुलगा, आईवडिलांच्या धाकाने येणारा. कागदावर तिघांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर एक ओळ: हा शास्त्रभाग याला सोमवारी सकाळी काय म्हणतो? एकाहीसमोर काही लिहिता आलं नाही तर तयारी अजून झालेली नाही. हा कागद नंतर फाडून टाका. उपदेशात त्यांची नावं तर नकोतच, पण ओळखू येईल असा इशाराही नको. विश्वासाने सांगितलेली गोष्ट एकदा जरी पुलपीटवर आली तरी त्या मंडळीत पुन्हा कोणी पाळकापाशी मन मोकळं करत नाही. मी हे होताना पाहिलं आहे. जिची गोष्ट अशी पुलपीटवर आली त्या बाईने चर्च सोडलं नाही, पण नंतर ती कोणाशीच काही बोलली नाही.

गुरुवार: एक वाक्य लिहा

आता सगळं बाजूला ठेवून एक वाक्य लिहायचं: या रविवारी मला काय सांगायचं आहे. ‘विश्वासाविषयी’ हे वाक्य नाही, तो विषय झाला. ‘थोमाने शंका बोलून दाखवली म्हणून प्रभूने त्याला दूर लोटलं नाही, जखमा दाखवल्या’ हे वाक्य आहे. वाक्यात क्रियापद हवं.

हे सगळ्यात अवघड काम आहे आणि इथेच बहुतेक उपदेश बिघडतात. अभ्यास केलेला असतो, सात-आठ चांगले मुद्दे मिळालेले असतात, सगळे सांगावेसे वाटतात. मग तीन मुद्दे, प्रत्येकाचे तीन उपमुद्दे, सगळे एकाच अक्षराने सुरू होणारे. आम्ही वहीत उतरवून घेतो आणि दारातून बाहेर पडेपर्यंत विसरतो. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा भाग वाचला, ग्रंथपट गुंडाळून सेवकाला दिला आणि खाली बसला. लूकने त्यानंतरच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य लिहून ठेवलं आहे: हा शास्त्रलेख आज तुमच्या कानी पडत असता पूर्ण झाला. सगळ्यांची दृष्टी त्याच्यावर खिळली होती. योनाने निनवेत केलेली घोषणा मूळ हिब्रूत पाच शब्दांची आहे.

राहिलेले मुद्दे वहीत ठेवा, फेकू नका. तोच शास्त्रभाग पुन्हा येईल तेव्हा ते कामाला येतील.

ऐकीव गोष्टी पुलपीटवर नेण्याआधी

याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे तरुण माणसं कायमची गमावली जातात.

गरुडाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गरुड चाळीस वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, चोच खडकावर आपटून तोडतो, नवी येईपर्यंत वाट बघतो, नखं उपटतो, पिसं उपटतो आणि मग आणखी तीस वर्षं जगतो. यशया 40:31 आलं की ही गोष्ट येतेच. ती खरी नाही. चोच तुटलेला गरुड खाणार काय? महिनाभर तरी तो तग धरेल का? जंगलातले बहुतेक गरुड चाळीस वर्षं जगतही नाहीत. बाकावर बसलेला शाळकरी मुलगा खिशातल्या फोनवर दोन मिनिटांत हे शोधतो, आणि पुढच्याच मिनिटाला पुनरुत्थानाविषयी तुम्ही जे सांगणार असता त्याकडेही त्याच नजरेने बघतो. यशयाला ही गोष्ट लागत नाही. ‘गरुडांप्रमाणे पंखांनी वर उडतील, धावतील तरी दमणार नाहीत, चालतील तरी थकणार नाहीत’ या ओळीत उडणं आधी आहे आणि चालणं शेवटी. चालण्याचं बळ शेवटी का ठेवलं, यावर बोला. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणाऱ्या त्या बाईला तेच हवं आहे.

दुसरी गोष्ट सुईच्या नाकाची. यरुशलेमला ‘सुईचं नाक’ नावाचा छोटा दरवाजा होता, उंटाला ओझं उतरवून गुडघ्यांवर त्यातून जावं लागायचं, असं सांगतात. येशूच्या काळी असा दरवाजा होता याला काहीही पुरावा नाही. आणि तो मानला तर शास्त्रभागाचा कणाच मोडतो. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग कोणाचं तारण होणार? उत्तर येतं, माणसांना हे अशक्य आहे, देवाला सर्व शक्य आहे. गुडघे टेकून जाता येत असेल तर ते अशक्य कुठे राहिलं?

तिसरी खोड ग्रीक शब्दांची. रोमकरांस पत्रात सामर्थ्यासाठी ‘दुनामिस’ शब्द आहे, त्यावरूनच ‘डायनामाइट’ आला, म्हणून शुभवर्तमान म्हणजे देवाचा सुरुंग, असं मोठ्या आवेशाने सांगितलं जातं. नोबेलने ते नाव 1867 मध्ये दिलं. पौलाच्या मनात सुरुंग असणं शक्यच नव्हतं, आणि सुरुंग फोडतो. पौल तर तारणासाठी असलेल्या सामर्थ्याविषयी लिहितो आहे. ग्रीकचा अभ्यास जरूर करा, त्याचा उजेड तुमच्या मराठीत पडू द्या. शब्द मात्र तेव्हाच सांगा जेव्हा त्याच्यावाचून अर्थ अडतो. माझ्या ऐकण्यात तसे प्रसंग वर्षातून दोन-तीनच आले.

दाखला शोधताना नाथान संदेष्टा आठवा. दावीद राजापुढे जाऊन त्याने पापावर व्याख्यान दिलं नाही. एका गरीब माणसाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली: ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्या घासातला घास खायची, त्याच्या उराशी निजायची. एवढे बारकावे दिल्यावर दावीद पेटला, आणि मगच नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच. गोष्ट हवी ती अशी, शास्त्रभागाच्या दारापर्यंत नेणारी. गोष्ट लक्षात राहिली आणि वचन विसरलं, असं झालं तर तो दाखला कितीही चांगला असला तरी काढून टाका. स्वतःच्या बायकोच्या, मुलांच्या गोष्टी सांगायच्या असतील तर आधी त्यांना विचारा. समोर बसलेल्या त्या मुलीचे कान लाल झालेले आम्हाला दिसतात.

शुक्रवार: आपली भाषा ऐका

ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या आपल्याला काही शब्द इतके सवयीचे असतात की ते बाहेरच्याला कसे ऐकू येतात हे कळत नाही. ‘तारण’ घ्या. आपल्याला तो शब्द प्राणाहून प्रिय. पण नव्याने आलेल्या माणसाला तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेलं सोनं. ‘येशूच तुमचं तारण’ हे ऐकून त्याने काय समजावं? शब्द टाकून देऊ नका. बुडणाऱ्याला हात धरून काठावर आणणं हे त्या शब्दात आहे, ‘देव तारी’ म्हणतो तेच हे ‘तारणं’, एवढं एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. ‘नीतिमान ठरवणे’, ‘अभिषेक’, ‘देहधारण’ यांचंही तसंच. उपदेशात असे किती शब्द आलेत ते मोजा. तीनपेक्षा जास्त असतील तर बाकीच्यांना साध्या बोलीत उतरवा.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन स्वतः वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक होता. लोकांना न समजण्यापेक्षा व्याकरणवाल्यांनी आपल्याला नावं ठेवलेली बरी, असं त्याने म्हटलं आहे. आणि पौल करिंथकरांना सांगतो, अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजून बोललेले पाच शब्द बरे.

‘आमेन म्हणा’, ‘शेजाऱ्याकडे बघून म्हणा’, दर वाक्यामागे ‘हालेलुया’: पुढचं वाक्य सुचेपर्यंतची ही भर आहे हे बाकावर कळतं. सुचत नसेल तर क्षणभर गप्प उभे राहा. आम्हाला ती शांतता जड जात नाही.

शनिवार: लिहा, वाचून बघा, कापा

पहिली दोन वर्षं तरी उपदेश पूर्ण लिहा. पुलपीटवर कागद नेलात की टिपणं, ते नंतर ठरेल. जुन्या काळच्या नामवंत उपदेशकांपैकी जोनाथन एडवर्ड्स लिहिलेलं वाचायचा, स्पर्जन छोट्याशा टिपणावर बोलायचा, दोघांचंही लोकांनी जीव लावून ऐकलं. पण लिहिल्याशिवाय आपण तीच गोष्ट तीनदा सांगतोय हे दिसत नाही.

लिहिलेलं उभं राहून, रविवारच्याच वेगाने, घड्याळ लावून वाचा. पोप फ्रान्सिस यांनी 2024 साली धर्मगुरूंना सांगितलं होतं, की प्रवचन आठ मिनिटांपलीकडे जाऊ नये, लोक झोपतात. ज्या मंडळ्यांत उपदेश हाच उपासनेचा मुख्य भाग असतो तिथे आठ मिनिटं थोडी होतील. मला वीस पुरेशी वाटतात, पंचवीस चालतात. त्यापुढे बोलायचं तर कारण तितकं मोठं हवं. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पण पौल दुसऱ्या दिवशी निघणार होता. आपण पुढच्या रविवारी असणारच आहोत.

कापायला सुरुवात पहिल्या पानापासून करा. हवापाणी, आभार, ‘आज मला फार मोठा विषय दिला आहे’, मागच्या उपदेशाची उजळणी, यात पाच मिनिटं जातात, आणि आमचं लक्ष सगळ्यात ताजं असतं ती हीच पाच मिनिटं. त्यानंतर शेवट बघा. ‘शेवटी’ हा शब्द एकदाच उच्चारा. तो ऐकला की आया पोरांच्या चपला शोधू लागतात. त्यानंतर आणखी दहा मिनिटं बोललात तर ती दहा मिनिटं कोणी ऐकत नाही. शेवटचं वाक्य पाठ करा. विमान उतरताना घिरट्या घालत राहावं तसे कित्येक चांगले उपदेश शेवटच्या वाक्याअभावी फिरत राहतात.

रविवार: वाचन आणि आवाज

शास्त्रपाठ हा उपदेशाआधीचा सोपस्कार नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, स्पष्ट वाचून अर्थ सांगतात, आणि लोक रडू लागतात. वाचन ऐकूनच रडू लागतात. तुम्ही सरावाशिवाय वाचलंत, नावांना अडखळलात, स्वल्पविराम गिळलेत, तर पुढच्या उपदेशाची निम्मी वाट तिथेच बुजते. वाचण्याआधी थांबा. लोकांना पानं उलटू द्या. मग वाचा.

आवाजाचं आईच्या प्रश्नात आलंच आहे. सरावासाठी दहा वाक्यं घ्या, सगळी ‘नाही’ने संपणारी, आणि कोणाला तरी शेवटच्या बाकावर बसवून वाचा. माइक असला तरी हे करा. माइक खालचा आवाज वर आणतो, पण न उच्चारलेला शब्द त्याला आणता येत नाही. ओरडण्याची गरज नाही. वाक्य संपेपर्यंत श्वास पुरवायचा, म्हणजे वाक्यं छोटी हवीत. बघायचं ते माणसांकडे. मागच्या भिंतीकडे किंवा फक्त ओळखीच्या दोन बाकांकडे बघणारा उपदेशक आमच्याशी बोलतोय असं वाटत नाही.

बाकावर कोण रडत आहे

कुठल्याही रविवारी कोणीतरी असं बसलेलं असतं ज्याच्यासाठी दारातून आत येणंच कठीण होतं. माझ्या जवळच्या एका बाईचं बाळ जन्माआधीच गेलं. तीन आठवड्यांनी ती पहिल्यांदा उपासनेला आली. त्या दिवशी उपदेशात वाक्य आलं: ‘विश्वासाने मागितलं तर देव कधीच नाही म्हणत नाही. मिळालं नसेल तर विश्वास तपासा.’ ती माझ्या शेजारी बसली होती. तिने हातातला रुमाल घडी करायला घेतला, उलगडला, पुन्हा घडी केला, उपदेश संपेपर्यंत. उपदेशक दुष्ट नव्हता. समोर कोण आहे हे त्याच्या मनात नव्हतं एवढंच.

प्रार्थनेविषयी, आजाराविषयी, आशीर्वादाविषयी लिहिलेलं प्रत्येक वाक्य शनिवारी पुन्हा वाचा आणि विचारा, हे मी त्या बाईच्या डोळ्यांत बघून बोलू शकेन का? पकडलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने मागितलं आणि दुःखाचा प्याला टळला नाही, हे सांगण्याशिवाय प्रार्थनेवरचा उपदेश पुरा होत नाही असं माझं ठाम मत आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. चूक बोलायला लागल्यावर झाली. अंत्यविधीच्या वेळी तर थोडं बोला. मृताचं नाव बरोबर उच्चारा, घरच्यांकडून एक खरी आठवण विचारून घ्या, पुनरुत्थानाची आशा सांगा आणि थांबा. जमलेल्यांना धाक घालायची ती जागा नव्हे.

रागाबद्दल थोडक्यात. न आलेल्यांचा राग आलेल्यांवर काढू नका. वर्गणीचं बोलायचं असेल तर सरळ वर्गणीच्या नावाने, हिशेबासकट, निवेदनांत बोला. वचनाच्या आडून नको. कमिटीतलं भांडण पुलपीटवर आणू नका, तिथे समोरच्याला उत्तर देता येत नाही. पाप दाखवायचं तेव्हा ‘तुम्ही’च्या जागी ‘आपण’ म्हणून बघा, आणि ते खरं वाटत नसेल तर तो उपदेश आधी स्वतःला करा.

दारात उभं राहून

उपासना सुटल्यावर हात मिळवताना सगळे म्हणतात, “छान झाला उपदेश.” आम्ही खोटं बोलत नसतो, पण त्यातून तुम्हाला काही कळत नाही. योहान क्रिसोस्तोम या चौथ्या शतकातल्या उपदेशकाला पुढे ‘सुवर्णमुखी’ हे नाव पडलं. त्याच्या उपदेशात लोक मध्येच टाळ्या वाजवत. त्याला ते सोसायचं नाही. ऐकलेलं घरी जाऊन करा, असं तो त्यांना उपदेशातूनच सांगायचा.

त्यापेक्षा मंडळीतल्या तीन माणसांना आधीच सांगून ठेवा: एक म्हातारं माणूस, एक तरुण, एक नव्याने येणारं. त्यांना ‘कसा वाटला’ विचारू नका. ‘तुम्ही काय ऐकलंत’ एवढंच विचारा आणि त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. गुरुवारी लिहिलेल्या तुमच्या वाक्याशेजारी ते ठेवा. सुरुवातीला दोन्ही जुळणार नाहीत. वाद घालू नका, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ असं समजावू नका; त्यांनी जे ऐकलं ते तुम्ही बोललात असं धरा आणि लिखाणात कुठे फाटा फुटला ते शोधा. शक्य तर उपदेशाचं रेकॉर्डिंग करून मंगळवारी ऐका, रविवारी संध्याकाळी नको, तेव्हा मन फार हळवं असतं.

यासाठी एक वही ठेवा. तारीख, शास्त्रभाग, तुमचं वाक्य, त्यांची वाक्यं. वर्षाने उघडून बघितलीत तर आपण जुन्या करारातून कितीदा बोललो, वधस्तंभाविषयी कितीदा, आणि त्याच त्या विषयावर कितीदा घसरलो, हे दिसेल. आणि दुसऱ्या बाकावर कोणी कमी ऐकू येणारी आजी बसत असेल, तर तीन माणसांतलं पहिलं नाव तिचं लिहा.